अर्ध्या दिवसाची मुंबई

मुंबईत 'प्रायव्हेट हाफ-डे साइटसीइंग टूर' नावाची एक वस्तू मिळते. वातानुकूलित गाडी, ड्रायव्हर, परवानाधारक गाईड, थंड पाण्याच्या बाटल्या आणि चार-पाच तासांत अख्खी मुंबई! गिऱ्हाइकं मुख्यतः दोन प्रकारची. एक, क्रूझच्या बोटीतून सकाळी उतरून रात्री पुढच्या बंदराला जाणारी गोरी मंडळी. आणि दुसरी, कंपनीच्या कामासाठी आलेली आणि परतीच्या विमानाला अजून सहा तास असलेली साहेब मंडळी. वाचकहो, या यादीत आता तिसऱ्या प्रकाराची भर पडायला हरकत नाही. तो प्रकार म्हणजे तुम्ही-आम्ही.

हा बेत आम्ही जाहीर केला तेव्हा नातेवाइकांत हास्याची लाट उसळली. "अरे, लालबागला जन्मलेला माणूस तू, आणि मुंबई बघायला गाईड घेणार? म्हणजे आचाऱ्याने खानावळीत डबा लावण्यासारखं झालं की!" आम्ही शांतपणे ऐकून घेतलं, कारण या मंडळींना आपल्या तीन आठवड्यांच्या भारतवारीचं गणित ठाऊक नसतं. त्यातला एक आठवडा सासरी, एक माहेरी. उरलेल्यात दोन लग्नं, एक मुंज, बँकेतलं केवायसी, दातांचा डॉक्टर, साड्या आणि शिंप्याकडच्या खेपा. पहिले चार दिवस तर पहाटे तीनला टक्क जागं होण्यात जातात ते वेगळंच. या धबडग्यात मुलांच्या वाट्याला येणारी मुंबई म्हणजे काकाचा फ्लॅट, खालचा मॉल आणि या दोहोंमधलं ट्रॅफिक. परत आल्यावर शाळेत कोणी विचारलं, "तुझे आईवडील ज्या गावाहून आले ते कसं आहे?" तर पोरं सांगतात, "बिझी."

बरं, आपण स्वतः दाखवायला जावं तर पिकतं तिथे विकत नाही. आम्ही एखाद्या इमारतीकडे बोट दाखवलं की चिरंजीवांचं लक्ष फोनकडे. तीच गोष्ट गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या परक्या बाईंनी सांगितली की साहेब कान देऊन ऐकतात! तेव्हा टूर घेतली. गाडीत आम्ही दोघं, चिरंजीव (वय १५), कन्या (वय ११) आणि पुढे ड्रायव्हरशेजारी आमचे बाबा. बाबांचं वय ७८. "मी कशाला? माझं सगळं बघून झालंय," असं म्हणत म्हणत ते सगळ्यांच्या आधी बूट घालून तयार होते.

मुंबईच्या आधी दोन शब्द हॅलिफॅक्सविषयी, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. आदल्या उन्हाळ्यात आम्ही नोव्हा स्कोशियाला गेलो होतो आणि तिथेही अशीच अर्ध्या दिवसाची टूर घेतली होती. तिथल्या गाईडने आम्हांला पहिल्यांदा नेलं ते पिअर २१ वर. १९२८ ते १९७१ या काळात बोटीने कॅनडात आलेले जवळजवळ दहा लाख लोक या धक्क्यावर उतरले. आता तिथे राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्यांच्या ट्रंका, त्यांची कागदपत्रं, पुढे पश्चिमेला नेणारी आगगाडी, सगळं मांडून ठेवलंय. नंतर फेअरव्ह्यू लॉन दफनभूमी. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली, त्यातल्या १५० जणांना हॅलिफॅक्सात पुरलं, पैकी १२१ इथे. काही दगडांवर नावच नाही, नुसता क्रमांक. कन्येने तेव्हा विचारलं होतं, "बाबा, आपलं नाव पिअर २१ ला आहे का?" आम्ही सांगितलं, नाही बाळा, आम्ही २००३ साली टोरांटोच्या पिअरसन विमानतळावर उतरलो. तिचा चेहरा जरासा पडला. विमानतळाचं संग्रहालय कोण करणार!

आता मुंबई. टूर सुरू झाली अर्थात गेटवेपासून. गाईडबाई तरुण, चुणचुणीत, इंग्रजी फर्डं. १९११ साली पंचम जॉर्ज राजा आणि मेरी राणी मुंबईत उतरली, त्या स्मरणार्थ ही कमान. पायाभरणी १९१३ मध्ये, उद्घाटन १९२४ मध्ये, वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट. मधला घुमट ४८ फूट व्यासाचा आणि जमिनीपासून ८३ फूट उंच. आमच्यातला इंजिनियर खूश! राजा आला तेव्हा कमान नव्हतीच, पुठ्ठ्याची तात्पुरती उभारली होती, हे ऐकून मुलंही खूश. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. राजाच्या स्वागताची कमान निरोपाला उपयोगी पडली. सौभाग्यवती म्हणाल्या, "याला म्हणतात पैसे वसूल."

पुढे राजाबाई टॉवर. १८७८ साली पूर्ण झाला, उंची २८० फूट, पैसा प्रेमचंद रायचंदांचा, नाव त्यांच्या आईचं. इथे गाईडबाईंनी एक फार मोलाची गोष्ट सांगितली. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. फोर्टातल्या देखण्या इमारतींमागे त्या कापसाचा पैसा बराच आहे. कापूस हा शब्द आला तसे बाबा पुढच्या सीटवर जरा सरसावून बसले. पण बोलले नाहीत.

मग फ्लोरा फाउंटन. १८६४, रोमन पुष्पदेवता, विलायतेहून आणलेला दगड. गाडी वळणार एवढ्यात सौभाग्यवतींनी विचारलं, "आणि हे शेजारचं?" गाईडबाई चमकल्या. "अय्या, तुम्ही मराठी? मग आधी सांगायचं ना!" गाडी थांबली आणि बाईंनी हुतात्मा स्मारकाची गोष्ट अशी सांगितली की आम्ही ऐकत राहिलो. २१ नोव्हेंबर १९५५ चा मोर्चा, गोळीबार, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गेलेले शंभराहून अधिक जीव, आणि मग १ मे १९६०. मशाल धरलेले ते दोन पुतळे म्हणजे एक शेतकरी आणि एक कामगार, हे मुलांना सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "फॉरेनर पार्टी असली की फ्लोरावर थांबते हो. तिकडे नेलं तर खूप मागचं सांगावं लागतं." बाईंचं काही चुकत नव्हतं. ठरलेल्या वेळात ठरलेली यादी संपवायची असते. पण मनाशी एक खूणगाठ बांधली: विचारलं तर हुतात्मा, नाही विचारलं तर फ्लोरा.

तिथून बोरीबंदर. लहानपणी व्ही. टी., १९९६ पासून छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि २०१७ पासून त्यात 'महाराज'. फ्रेडरिक स्टीव्हन्सने आराखडा केला, १८७८ मध्ये काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं. दगडातले मोर, माकडं, पानंफुलं कोरण्यात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात. २००४ पासून जागतिक वारसा. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी इथूनच, बोरीबंदरहून, ठाण्याला गेली, आणि ती रेल्वे यावी म्हणून खटपट करणाऱ्यांत आपले नाना शंकरशेट होते. चिरंजीवांनी दगडी माकडाचे सात फोटो काढले.

आता यादीत राहिलं मरीन ड्राइव्ह, हँगिंग गार्डन, मणिभवन, धोबीघाट. तेवढ्यात बाबांनी ड्रायव्हरला विचारलं, "काय हो, इथून भाऊचा धक्का दहा-पंधरा मिनिटांवर असेल ना?"

ड्रायव्हरने आरशातून गाईडबाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "आजोबा, ते आपल्या लिस्टमध्ये नाही." मग लगेच हसून, "पण प्रायव्हेट टूर आहे. लिस्ट तुमचीच."

वाचकहो, 'प्रायव्हेट' या शब्दासाठी आपण जे जादा पैसे मोजतो ते याकरता. गाडी पश्चिमेऐवजी पूर्वेला वळली.

भाऊचा धक्का हे काही सुंदर ठिकाण नाही. मासळीचा वास, ओली जमीन, बर्फाच्या लाद्या, हातगाड्या, आरडाओरडा. भाऊ म्हणजे भाऊ अजिंक्य, पाठारे प्रभू गृहस्थ. १८४१ साली त्यांनी धक्का बांधला आणि नाव पुढे टिकलं. इथून आजही रेवस आणि मोऱ्याला लाँची सुटतात, आणि २०२० पासून मोटारी घेऊन मांडव्याला जाणारी मोठी रो-रो बोटही या भागातून आहे. पण बाबांच्या डोळ्यांपुढे ती बोट नव्हती. १९६५ साली, अठराव्या वर्षी, ते इथे उतरले होते.

"देवगडाहून बसलो," बाबा सांगू लागले. मराठीतच, आणि नातवंडांकडे न बघता पाण्याकडे बघत. "बोट किनाऱ्याला लागायची नाही. बाहेर उभी राहायची. पडावातून जायचं आणि लाटेवर पडाव वर आला की शिडी पकडायची. चुकलं की गेलं. पत्र्याची ट्रंक, तांदळाची पिशवी. रात्रभर बोट लागली होती, पोटात काही राहिलं नव्हतं." इथे कन्येला 'बोट लागणे' समजावून सांगावं लागलं. बोट धक्क्याला लागते, तशीच माणसालाही लागते! पावसाळ्यात या बोटी बंद, त्यामुळे चाकरमान्यांचं सगळं येणंजाणं दर्याच्या तब्येतीवर. आणि दर्या लहरी. १७ जुलै १९४७ रोजी याच धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बाबांच्या जन्माचं साल ते. लहानपणी गावात कोणी मुंबईला निघालं की म्हाताऱ्या बायका रामदासचं नाव काढायच्या आणि निघणारा म्हणायचा, "काय होत नाय."

चिरंजीवांनी फोन खिशात ठेवला होता. कन्या म्हणाली, "म्हणजे हे आजोबांचं पिअर २१?" आणि मग जरा विचार करून, "आजोबा, तुम्ही पण इमिग्रंट?"

बाबा हसले. "तुझा बाप विमानाने गेला, मी बोटीने आलो. एवढाच फरक."

एवढाच नाही, पण फारही नाही. बाबांच्या खिशात लालबागचा एक पत्ता होता. पत्ता गावमंडळाच्या खोलीचा. कोकणातल्या गावांनी गिरणगावात अशा खोल्या घेतलेल्या होत्या. नवा पोरगा आला की तिथे पथारी पसरायची. एका खोलीत वीस-बावीस जण, पण पाळ्या तीन, त्यामुळे एक झोपून उठला की दुसरा त्याच जागी आडवा. जेवण खानावळीत, महिन्याच्या बोलीवर. नोकरी लावायची तीही गाववाल्यानेच, आधी बदली कामगार म्हणून. आमच्या चिरंजीवांना हे ऐकताना वॉटर्लूमधलं आमचं बेसमेंट आठवलं. पाच जणांत दोन गाद्या, डाळ-भाताची पाळी, आणि पहिल्या थंडीचा कोट मंडळातल्या एका काकूंनी दिलेला. ही गोष्ट त्याने आमच्याकडून किमान पन्नासदा ऐकलेली, आणि पन्नासही वेळा कंटाळलेला. या वेळी तोच म्हणाला, "सेम सिस्टिम!" अगदी सेम. आपण गणपतीला आणि कोजागिरीला जमतो त्या मराठी मंडळाचे आजोबा-पणजोबा हे गिरणगावातल्या गावमंडळांच्या खोल्यांत पथारी पसरून झोपलेले आहेत. ज्यांनी वर्गणीच्या पावत्या फाडल्या त्यांना हे वाचून बरं वाटावं.

धक्क्यावरून गाडी रे रोड, कॉटन ग्रीन करत लालबाग-परळला आली. आता गाईडबाई मागे आणि बाबा पुढे, अशी बोलण्याची वाटणी झाली होती. तरी तारखा बाईंच्याच. कावसजी दावरांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिली कापड गिरणी काढली. शंभर वर्षांत भोंग्यावर उठणारं अख्खं शहर उभं राहिलं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अदमासे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. हे सांगून बाई थांबल्या. कारण त्या अडीच लाखांतला एक पुढच्या सीटवर बसला होता.

बाबा साचेखात्यात होते. संपानंतर वर्षभर वाट पाहिली, मग एका छापखान्यात लागले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. संपावर ते घरात बोलत नाहीत. त्या दिवशीही बोलले नाहीत. ते बोलले धोट्यावर. धोटा साच्यात मिनिटाला किती वेळा इकडून तिकडे जातो, धागा तुटला की साचा आपोआप कसा थांबतो, आवाजात ऐकू येत नाही म्हणून साचेवाले ओठांवरून बोलणं कसं ओळखतात. नातवाने विचारलं, "थांबतो कसा? सेन्सर?" बाबा म्हणाले, "सेन्सर कसला! तारेची एक पट्टी. धागा आहे तोवर ती वर. धागा तुटला की ती पडते, आणि पडली की साचा अडतो." आम्ही मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ऑटोमेशनचं काम करतो. इतकं सरळ स्पष्टीकरण आमच्या मीटिंगमध्ये आजवर कोणी दिलेलं नाही.

जिथे साचेखातं होतं तिथे आता उंच इमारतीचं पार्किंग आहे. धुराडं तेवढं उभं आहे. बाबा दोन मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "चला, पोरांना भूक लागली असेल." २०१२ पासून म्हाडा गिरणी कामगारांसाठी घरांच्या सोडती काढते. बाबांचाही अर्ज आहे. नंबर लागलेला नाही.

आता केंब्रिजच्या वाचकांना यात आणखी एक गंमत सापडेल. आपलं केंब्रिज १९७३ मध्ये गॉल्ट, प्रेस्टन आणि हेस्पेलर मिळून झालं, आणि ही सगळी मुळात गिरण्यांची गावं. नद्यांच्या पाण्यावर चालणाऱ्या. गॉल्टला तर 'कॅनडाचं मँचेस्टर' म्हणत. नदीकाठच्या रेशमाच्या जुन्या गिरणीत २००४ पासून वॉटर्लू विद्यापीठाचं वास्तुकला विद्यालय भरतं. आम्ही दर रविवारी तिथून फिरायला जातो. मुंबईहून परतल्यावर पहिल्या रविवारी चिरंजीव त्या भिंतीपाशी थांबले आणि म्हणाले, "इथले साचेवाले कुठून आले असतील?" उत्तर वाचनालयात आहे. आता शोधायला त्याला कारण मिळालं आहे.

तर मंडळी, डिसेंबरची तिकिटं काढत असाल तर काही व्यवहाराच्या गोष्टी. टूर सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात घ्या. मुलं तशीही पहाटे जागी असतात, त्या जागरणाचा उपयोग करून सकाळी लवकर भाऊचा धक्का गाठा, तेव्हा मासळीचा बाजार ऐन रंगात असतो. जुनी चपला-पायताणं घाला. मग बोरीबंदर, हुतात्मा चौक आणि शेवटी गेटवे. वेळ उरला तर भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ सालचं. बुधवारी बंद असतं. घारापुरी यात घुसवू नका, जायला तास आणि यायला तास, तिला वेगळा दिवस द्या, आणि तो सोमवार नको. गाईड मराठी जाणणारा मागा, पण मुलांशी त्यांना कळेल त्या भाषेत बोलू द्या. आणि घरात कोणी वडीलधारं असेल, गुडघे फार बोलत नसतील, तर त्यांना पुढच्या सीटवर बसवा. आग्रह करावा लागेल. करा. आधी नाही म्हणतील.

गाडी ठरवताना गाईडला एकच प्रश्न विचारून ठेवा: "या शहरात कामाला आलेली माणसं कुठे उतरली?" हॅलिफॅक्सला हा प्रश्न विचारावा लागत नाही, तिथे त्याचं संग्रहालयच आहे. मुंबईत विचारावा लागतो, पण उत्तर मिळतं. चेन्नईत, कोचीत, व्हँकुव्हरलाही विचारून बघा. आणि काय उत्तर मिळालं ते आम्हांला जरूर कळवा. जागा असेल तितकी पत्रं पुढच्या अंकात छापू.